दुःख ठेवता, तक्रार कापता

प्रति,
निधीसाठी माहितीपट बनवून घेणाऱ्या सामाजिक संस्थांचे संवाद विभाग, त्यांना पैसे देणाऱ्या कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग, आणि हे माहितीपट करणारे माझे दिग्दर्शक-संकलक मित्र यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखता. नावानं नसेल, पण फाइलच्या नावानं तरी. ‘फायनल-फायनल-सबटायटल’ या नावाच्या ज्या फाइली रात्री साडेअकराला तुमच्या मेलमध्ये येऊन पडतात, त्या मी पाठवते. गेली चौदा वर्षं हेच काम. गावातली माणसं कॅमेऱ्यासमोर जे बोलतात ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, टाइमकोड (कोणतं वाक्य कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला) घालायचा, आणि त्यातलं तुम्ही जे ठेवाल त्याचं इंग्रजी करायचं. एका ओळीत फार तर ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि कुठलंही सबटायटल सात सेकंदांच्या वर पडद्यावर थांबवायचं नाही. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. त्यामुळे तिकडची कामं माझ्याकडे जास्त येतात. वऱ्हाडीतलं ‘थे’ हे हिंदीतलं नसून त्याचा अर्थ ‘ते’ असा आहे, हे पुण्यातल्या एडिटरला समजावून सांगण्याचेच मला पैसे मिळतात म्हणा ना.

या कामात एक अडचणीची जागा आहे. माणूस काय बोलला आणि पडद्यावर काय आलं, हे दोन्ही माहीत असलेली सगळ्या साखळीत बहुतेक वेळा मी एकटीच असते. दिग्दर्शकाला ती बोली येत नाही. संस्थेला सगळं फुटेज बघायला वेळ नसतो. देणगीदाराला सात मिनिटांची फिल्म जाते. आणि जी बाई बोलली तिला फिल्म कुणी दाखवतच नाही.

दोन वर्षांपूर्वीचं एक शूट सांगते. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे सगळे सुटल्यासारखे होतील.

गाव कापसाचं. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या बायकांना शिवणयंत्रं द्यायचा प्रकल्प होता. दिग्दर्शक चांगला मुलगा, मनापासून काम करणारा, आदल्या रात्री दोनपर्यंत प्रश्न लिहीत बसलेला. त्याला चुलीवर भाकरी थापतानाचा शॉट हवा होता. ताईंच्या घरी गॅस होता, चूल अंगणात पावसाळ्यापासून थंड पडलेली. चूल पेटवली तर मागे सिलिंडर दिसत होता. ताईंनी विचारलं, “मंग सिलिंडर कुठी ठिवू?” हलवायला जागा नव्हती, म्हणून त्यावर गोधडी टाकली. ती गोधडी फ्रेममध्ये इतकी छान दिसली, की पुढं संस्थेच्या दिनदर्शिकेवर तीच आली. मग पाण्याचा शॉट. अंगणात नळ होता, पण आम्ही ताईंना हंडा देऊन पाऊण किलोमीटरवरच्या विहिरीवर नेलं. त्या गेल्या. परतताना म्हणाल्या, या विहिरीवर मी लग्नाच्या वर्षीनंतर आज आले.

हे काही मोठं पाप नाही, मला माहीत आहे. सगळेच करतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरी दोनदा हार घालते.

मग संमतीपत्र आलं. तीन पानी, इंग्रजीत. त्यात नेहमीचं एक वाक्य असतं: हे चित्रण कायमस्वरूपी आणि विश्वात सर्वत्र वापरण्याचा अधिकार. ते मी त्यांना मराठीत सांगितलं. ताई हसल्या. “म्हंजे चंद्रावरबी दाखवान का?” मी म्हटलं, कागदाप्रमाणे दाखवता येईल. त्यावर त्या म्हणाल्या, “मंग पहिले गावात दाखवा,” आणि सही केली.

मुलाखत सुरू झाली. माइक पदराला लावला, पदर जड होऊन खाली येत होता म्हणून ताईंनी तो कमरेला खोचला. दिग्दर्शकानं विचारलं (माझ्यामार्फत), ते गेले त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? ताई त्या दिवसाबद्दल मिनिटभर बोलल्या. आणि मग नऊ मिनिटं त्या जे बोलल्या ते ‘वाटण्या’बद्दल नव्हतंच. सातबारा सासऱ्याच्या नावानं. त्यामुळे बँकेनं नवऱ्याला दारात उभं केलं नाही, म्हणून कर्ज सावकाराचं. पंचनामा झाला, कागद तालुक्याला गेले, तिथून जिल्ह्याला. सरकारची मदत एक लाखाची, २००६ पासून तेवढीच: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. ती द्यायची की नाही हे जिल्ह्याची समिती ठरवते, आणि ठरवताना प्रकरणाला दोनपैकी एक शब्द लावते. पात्र किंवा अपात्र. ताईंचं अपात्र झालं. “सायेब म्हने, जमीन नावावर नाही तं शेतकरी नाही.” वर्षभर त्या मयताच्या दाखल्यासारखा तो शब्द घेऊन कचेऱ्या फिरल्या. आणि शेवटी कॅमेऱ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाल्या:

“मेले थे, अन् अपात्र मी. हे कोनतं गनित हाय?”

सात सेकंद. मी मनात लगेच मोजले, सवय आहे. एवढं नेमकं, एका सबटायटलमध्ये मावणारं वाक्य चौदा वर्षांत क्वचित मिळालंय.

रफ कट, म्हणजे फिल्मचं पहिलं कच्चं संकलन, आला त्यात ते नव्हतं. नऊ मिनिटांपैकी काहीच नव्हतं. होते ते डोळे पुसतानाचे शॉट, विहिरीची वाट, चुलीचा धूर. आणि ०४:१२ ला, ताई काहीतरी बोलताहेत पण आवाज संगीताखाली दबलेला, अशा जागेवर मला एक ओळ लिहायला सांगितलं. भाव असा हवा, म्हणून मेलमध्ये सुचवलेलं होतं. मी लिहिली. इंग्रजीतून परत मराठीत आणली तर ती अशी आहे: “ते गेले. आता मला कुणी नाही.”

हे ताई कधीच बोलल्या नव्हत्या. मी लिहिलं ते. म्हणून या पत्रात ‘तुम्ही’ जिथं जिथं येईल तिथं मी स्वतःला बाहेर धरलेलं नाही.

त्यानंतर मी माझ्या जुन्या फाइली काढून बसले. दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडायचे: पूर्ण उतरवलेलं बोलणं आणि अंतिम सबटायटल. काय कापलं जातं ते बघायचं. लांबीसाठी कापतात, पुनरुक्ती कापतात, शिव्या कापतात, ते ठीक. पण त्याखेरीज एक गोष्ट मात्र इतक्या नेमानं गेलेली दिसली, की कुणी लेखी नियम दिला असता तरी इतका पाळला गेला नसता. ज्या वाक्यात कुणाचं तरी नाव आहे, तलाठ्याचं, कंत्राटदाराचं, ठेकेदाराच्या मुकादमाचं, कंपनीचं, धरणाचं, विमा कंपनीच्या न उचललेल्या फोनचं, कधी कधी तुमच्या संस्थेच्याच तालुका समन्वयकाचं, ते वाक्य जातं. भूक राहते. रेशन दुकानदार जातो. दुःख ठेवता, तक्रार कापता.

दुःखाला देणगी देता येते. तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. एवढाच फरक आहे, आणि तो फार जुना आहे.

विद्यापीठातली मंडळी याला वसाहतोत्तर दृष्टी म्हणतात: गोरे राज्यकर्ते गेले तरी त्यांची बघण्याची रीत उरली का, हे तपासणं. मी त्यातलं थोडं वाचलंय, जेवढं कामाच्या अधेमधे झालं तेवढं. विचारवंत गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला प्रश्न सगळ्यांना तोंडपाठ आहे: तळातला माणूस बोलू शकतो का? माझ्या टेबलावरून याचं उत्तर सोपं वाटतं. बोलतो की. नऊ मिनिटं बोलतो. नीट वाचलं तर स्पिवाक यांचं म्हणणंही जिभेबद्दल नाहीच, कानाबद्दल आहे: बोललेलं ऐकलं जाईल अशी जागाच ठेवलेली नसते. एडिटिंगची टाइमलाइन बघितलेल्या कुणालाही हे उदाहरणाशिवाय कळेल.

उदाहरण हवंच असेल तर इथिओपियाचं घ्या. तुमच्या प्रत्येक प्रशिक्षणात ते यशाची गोष्ट म्हणून सांगतात. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीच्या बातम्यांत तिथल्या कोरेम गावातल्या दुष्काळाचं चित्रण दाखवलं गेलं. निवेदन मायकल ब्यूर्क यांचं, कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. अमीन नैरोबीत जन्मलेले, मूळच्या पंजाबी कुटुंबातले. लोकांच्या लक्षात मात्र निवेदकाचा आवाज राहिला. पहाटेची थंडी, मैदानभर पसरलेली माणसं, आणि निवेदनात ‘बायबलमधला दुष्काळ, विसाव्या शतकात’ अशा अर्थाचे शब्द. जग हादरलं. वर्षअखेरीस लंडनच्या गायकांचं नाताळगाणं, आणि १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेला लाइव्ह एडचा जलसा. त्या जलशात कॅनडाच्या वाहिनीनं चित्रित केलेल्या भुकेल्या मुलांची फीत दाखवली. तिच्याखाली लावलेलं गाणं ‘द कार्स’ या बँडचं होतं. ‘आज रात्री तुला घरी कोण सोडणार’ असं विचारणारं, एका प्रेमभंगाचं गाणं. डेव्हिड बोवीनं त्या फितीला वेळ मिळावा म्हणून स्वतःचं एक गाणं सोडलं. पैशाचा पूर आला. त्यातून माणसं वाचली, हे कुणी नाकारू नये. मीही नाकारत नाही.

पण ‘बायबलमधला’ या विशेषणानं काय केलं ते बघा. बायबलमधल्या दुष्काळाला सरकार नसतं. इथिओपियात होतं. मेंगिस्तूची ‘दर्ग’ नावाची लष्करी राजवट टिग्रे आणि एरिट्रियात युद्ध करत होती, बंडखोरांच्या मुलखात अन्न पोचू देत नव्हती, आणि त्याच सप्टेंबरात अदिस अबाबात क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसाची रोषणाई झाली होती. पाऊस पडला नव्हता हे खरं. पण पाऊस न पडणं आणि माणसं मरणं यांच्यामध्ये जे काही घडतं ते सगळं फितीतून निसटलं आणि उरलं आकाश, माती, डोळे. देणगी द्यायला एवढं पुरतं.

ही गोष्ट त्याच मुलखात अकरा वर्षं आधी उलट्या बाजूनं घडून गेली होती. १९७३ मध्ये पत्रकार जोनाथन डिंबलबी यांनी वोलो प्रांतातल्या दुष्काळावर ब्रिटिश टीव्हीसाठी फिल्म केली. बादशहा हैले सेलासीच्या सरकारनं तो दुष्काळ दडपला होता. सप्टेंबर १९७४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी तीच फिल्म घेतली, मध्ये मध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांचे तुकडे जोडले, आणि बादशहाला पदच्युत करण्याच्या आदल्या रात्री देशाच्या टीव्हीवर दाखवली. भुकेचे तेच शॉट. फक्त शेजारी कारण ठेवलं. दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, बादशहा एका छोट्या फोक्सवॅगनमधून बाहेर नेला गेला. ज्यांनी हे केलं तीच ही दर्ग; ते पुढं काय निघाले हे आपण वर बघितलंच, त्यामुळे त्यांचं कौतुक नको. मला फक्त संकलनाचा मुद्दा सांगायचा आहे: शॉट तोच असतो. त्याच्या शेजारी काय लावता त्यावर ती दया होते किंवा आरोप होतो.

आणि तुम्ही आरोप का टाळता तेही इथिओपियाच सांगतो. मदतीच्या धान्याचा आणि ट्रकांचा वापर करून माणसांना जबरदस्तीनं दक्षिणेत हलवलं जातंय, हे ‘सीमारहित डॉक्टर’ या फ्रेंच संस्थेनं उघडपणे म्हटलं. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. बाकीच्या संस्था गप्प राहिल्या आणि काम करत राहिल्या. दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणता येतं. तुमच्या बारा-ए, ऐंशी-जी, एफसीआरएच्या, म्हणजे करसवलतीच्या आणि परदेशी देणगीच्या परवानगीच्या, फायली मी पाहिल्यात. कलेक्टर कचेरीतून एक फोन आला तर पुढच्या महिन्याचे पगार कुठून होणार, ही भीती खोटी नाही. पण मग ते कारण सांगा. “देणगीदाराला गुंतागुंत कळत नाही” हे सांगू नका. देणगीदार कंपनीत बसून जीएसटीची विवरणपत्रं भरतो. ‘अपात्र’ त्याला कळेल.

आपल्याकडं तर हा धडा त्याच्याही शंभर वर्षं आधी लिहिलेला आहे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, दख्खन आणि मद्रास इलाख्यातला. मद्रासकडे विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून, नीट मांडणी करून फोटो काढले. ते आजही पुस्तकांत, संग्रहालयांत फिरतात. त्या माणसांची नावं कुठंही नाहीत, गावंही नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत पुण्यात सार्वजनिक सभा दुसरंच काम करत होती. १८७० ची संस्था, गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी, पुढं न्यायमूर्ती रानडे. सभेचे लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करत: कोणत्या गावात किती माणसं निघून गेली, गुरं किती उरली, दुष्काळी कामावर मजुरी काय. ते सगळं अर्जांच्या रूपात मुंबई सरकारच्या टेबलावर जाई. १८७७ च्या सुरुवातीला, दुष्काळासाठी सरकारनं नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर खाली आणली तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली, आणि सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. त्याच वर्षीच्या एप्रिलात सावित्रीबाई फुले ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहीत होत्या. त्या पत्रात दुष्काळ आहेच, पण सावकारही आहेत, धरपकड आहे, कलेक्टरला केलेला सवाल आहे. एका पानभर पत्रात कारण आणि भूक शेजारी शेजारी मावली. सात मिनिटांत का मावू नये?

माझा आक्षेप कॅमेऱ्याच्या गोरेपणावर नाही, हे इथं सांगून टाकते. आज आमच्या गावात येणारा कॅमेरा पुण्याचाच असतो, भाडं अंधेरीतल्या दुकानाला जातं, फिल्म लोअर परळच्या मजल्यावर बघितली जाते, आणि बघणाऱ्यांपैकी निम्म्यांची आडनावं माझ्यासारखीच असतात. पण कोण बघतो आणि कोण बघितला जातो याची मांडणी हूपरच्या ओळीसारखीच राहिली. खरं सांगायचं तर थोडी बिघडलीच. हूपरला भाषा येत नव्हती म्हणून तो ऐकू शकला नाही असं म्हणता येईल. आपल्याला येते.

यावरचा उपाय म्हणून मध्यंतरी हसरे चेहरे आले. युरोपातल्या संस्थांनी १९८९ मध्ये आचारसंहिता केली, दीनवाणी चित्रं नकोत असं ठरवलं, पुढं २००६ मध्ये ती सुधारली. नॉर्वेच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये थट्टा केली: थंडीनं कुडकुडणाऱ्या नॉर्वेकरांसाठी आफ्रिकेत हीटर गोळा करण्याचा व्हिडिओ. मजेशीर होता. ते सगळं आपल्याकडंही पोचलं आणि ब्रीफमध्ये ‘पॉझिटिव्ह स्टोरी’ हा शब्द शिरला. रडणारं पोर गेलं, हसणारं आलं. तक्रार दोन्हीत नाही. उलट हसणाऱ्या पोराला तक्रार असणं आणखी अवघड.

तरी सरसकट बोलत नाही. मिर्झापूर जिल्ह्यातल्या दुभंगलेल्या ओठाच्या पिंकीवरची ‘स्माइल पिंकी’ ही फिल्म शस्त्रक्रियांना पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनंच करवून घेतलेली. २००९ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. निधीची फिल्मच ती. पण त्यात वरून बोलणारा निवेदक नाही, डॉक्टर बनारसचे, घरोघर फिरणारा कार्यकर्ता तिथलाच, आणि माणसं आपल्या भाषेत आपल्या वेगानं बोलतात. ओठ शिवता येतो, तासाभराचं काम आहे. तिथं एवढं पुरेसं असेल. सातबारा शिवणयंत्रावर शिवता येत नाही.

आणि एक मुंबईतली गोष्ट. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे: अवर सिटी’मध्ये झोपडी तोडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, दुसरं करणार काय? हा प्रसंग कापणं दिग्दर्शकाच्या हातात होतं. त्यानं ठेवला. ती तक्रार त्याच्याविरुद्ध होती, तरीही.

सीएसआरवाल्यांना वेगळं एक वाक्य. तुम्ही देता ते दान नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, ठरावीक आकाराच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के यासाठी खर्च करायचे. कर भरला म्हणून आपण आयकर खात्याकडून आपल्यावर फिल्म करून घेत नाही. मग कायद्यानं लागणाऱ्या पैशातून दिलेल्या शिवणयंत्राबद्दल त्या बाईनं कॅमेऱ्यासमोर “साहेबांचे आभार” का म्हणायचे? हे वाक्य मी किमान चाळीस वेळा भाषांतरित केलंय. अनेकदा ते वदवून घेताना पाच टेक होतात.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. तिच्यावर फिल्म झाली नाही. त्या दुष्काळातून मोर्चे निघाले, घेराव झाले, वि. स. पागे यांची योजना पुढं सरकली आणि १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, जो १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि न दिलं तर भत्ता. आजी त्याला ‘हमी’ म्हणायची. ‘मदत’ हा शब्द तिनं त्या कामाला कधी लावला नाही.

आता मागणं. गावातलं शूट ज्या भाषेत झालं त्या भाषेत, सबटायटलसकट, फिल्म आधी तिथं दाखवा, देणगीदाराकडं त्यानंतर. सबटायटल त्या माणसाला मराठीत वाचून दाखवा आणि “हे मी बोललो नाही” म्हणायला वेळ द्या. संमतीपत्र मराठीत करा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आठव्या अनुसूचीतल्या भाषांत सूचना मिळण्याचा आणि संमती मागं घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. ‘विश्वात सर्वत्र, कायमस्वरूपी’ खोडा आणि तिथं तीन वर्षं लिहा. वसतिगृहातल्या, बालगृहातल्या मुलांचे चेहरे काढा. अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करणाऱ्या, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चा मी उल्लेख केला तेव्हा एका बैठकीत मला विचारलं गेलं की मग फिल्ममध्ये दाखवायचं काय. दिवसभर शूटसाठी थांबलेल्या बाईला त्या दिवसाची मजुरी द्या. ड्रोनवाल्याला देता तशी, त्याच व्हाउचरवर. आणि नऊ मिनिटांतलं निदान एक वाक्य असं ठेवा ज्यात कुणाचं तरी नाव आहे. ते नाव तुमचं असलं तरी.

यातलं काही जमणार नाही असं तुमचं उत्तर येईल, ते मला माहीत आहे. मग कोणतं जमणार नाही ते लिहून कळवा.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा लॅपटॉप घेऊन ताईंच्या घरी गेले. कुणी सांगितलं नव्हतं; पण “पहिले गावात दाखवा” हे माझ्याच कानानं ऐकलेलं होतं. ओट्यावर ताई, त्यांची मुलगी, शेजारच्या दोघी आणि त्यांची जाऊ. नवरा गेल्यावर सहा महिने जाऊबाईंनी दोन्ही घरचा स्वयंपाक केला होता, हे त्या नऊ मिनिटांत होतं. गोधडी दिसली तेव्हा सगळ्या हसल्या. विहिरीला हसल्या. ०४:१२ ला मुलीनं, दहावीत आहे ती, खालची ओळ वाचली आणि सवयीनं मोठ्यानं मराठीत सांगितली.

कुणी काही बोललं नाही. जाऊबाई उठून आत गेल्या. ताई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “मले कोनी नाही असं मी कवा म्हनलं?” चहा ठेवलेला होता, आतून उकळल्याचा वास येत होता. तो बाहेर आला नाही.

त्या रात्री मी सबटायटलची फाइल दुरुस्त केली आणि संस्थेला पाठवली. सोबत संगीत त्या जागी कमी करायला सांगितलं आणि मूळ ध्वनीचा तुकडा जोडला. उत्तर आलेलं नाही. फिल्म अजून जुन्या ओळीसकट फिरते आहे. म्हणून ती जागा इथं पुन्हा देते. ज्यांची आहे त्यांना कळेल.

०४:१२ ते ०४:१९.
पहिली ओळ: मेले ते, आणि अपात्र मी.
दुसरी ओळ: हे कोणतं गणित?

आपली,
सबटायटलवाली